गेम बॉयच्या कॅमेऱ्यात अडकलेले फोटो आणि प्रिंटरचं सोंग घेणारं एक छोटंसं बोर्ड

हर्सूल टी पॉइंटच्या पुढे जळगाव रोडला गाडीत पेट्रोल भरलं, बिल घेतलं आणि समोरच्या काचेजवळ टाकून दिलं. मे महिन्यात थोड्या दिवसांनी तेच बिल हातात घेऊन बघा. एकतर कोरं झालेलं असतं नाहीतर काळपट. आकडा काही केल्या वाचता येत नाही.

कारण साधं आहे. या बिलावर शाई नसतेच. कागदावर उष्णतेनं काळा पडणारा एक थर असतो. प्रिंटरचं डोकं ठिपक्याठिपक्यानं तापतं आणि अक्षर उमटतं. याला थर्मल प्रिंटिंग म्हणतात. ऊन, उजेड आणि काळ, तिघंही या कागदाचे शत्रू.

पेट्रोलचं बिल गेलं तर गेलं. पण अशाच कागदावर कुणी आपल्या माणसांचे फोटो छापून ठेवले असतील तर?

१९९८ मध्ये निन्टेन्डो कंपनीनं लोकांना नेमकं हेच करायला दिलं होतं.

खेळण्यातला कॅमेरा

आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली '९९९९ इन १' लिहिलेला ब्रिक गेम होता, तेव्हा जपान-अमेरिकेतल्या पोरांच्या हातात गेम बॉय होता. १९८९ मध्ये आलेलं हे हातात मावणारं यंत्र. त्यात कॅसेटसारखी कार्ट्रिज घालायची आणि खेळायचं. फेब्रुवारी १९९८ मध्ये जपानमध्ये आणि त्याच वर्षी अमेरिकेत या यंत्रासाठी दोन जोड वस्तू आल्या, गेम बॉय कॅमेरा आणि गेम बॉय प्रिंटर.

कॅमेऱ्याचा फोटो १२८ बाय ११२ ठिपक्यांचा. रंग नाहीत, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त चार छटा. आजच्या व्हॉट्सअ‍ॅप डीपीसमोर हे काहीच नाही, पण त्याची मजा वेगळी होती. कॅनेडियन-अमेरिकी गायक नील यंग यांच्या २००० सालच्या 'सिल्व्हर अँड गोल्ड' अल्बमच्या मुखपृष्ठावरचा फोटो याच कॅमेऱ्यानं काढलेला आहे आणि तो काढला होता त्यांच्या मुलीनं.

प्रिंटर सहा पेन्सिल सेलवर चालायचा आणि ३८ मिलिमीटर रुंदीच्या थर्मल कागदावर छापायचा. कागदाच्या मागे गोंद असायचा, म्हणजे फोटो छापला की वहीवर चिकटवायला स्टिकर तयार. 'पोकेमॉन यलो'सारखे काही गेमही या प्रिंटरवर छापू शकायचे.

आता खरी अडचण. कॅमेऱ्याच्या कार्ट्रिजमध्ये ३० फोटो राहतात आणि ते राहतात एका बटण सेलच्या जिवावर. सेल संपला की फोटो पुसले जातात. कॅमेऱ्याला यूएसबी नाही, मेमरी कार्ड नाही. फोटो दुसऱ्या गेम बॉय कॅमेऱ्यात पाठवता येतो, पण कंपनीनं गेम बॉयच्या जगाबाहेर जायचा नेहमीचा रस्ता ठेवला होता, प्रिंटर. तो प्रिंटर बनायचा बंद होऊन जमाना झाला आणि ज्यांनी तेव्हा फोटो छापले त्यांचे कागद आज पेट्रोलच्या बिलाच्याच वाटेनं चाललेत.

मग हौशी इंजिनिअर लोकांनी डोकं लावलं. प्रिंटर नाही ना, मग गेम बॉयला प्रिंटर आहे असं भासवायचं.

बहुरूपी आला

यालाच एम्युलेशन म्हणतात. सरळ मराठीत, सोंग. गावात पोलिसाच्या वेशात येणारा बहुरूपी आठवा. त्याच्याकडे खरं वॉरंट नसतं, पण दरडावण्याची ढब अशी की समोरचा क्षणभर चपापतो. इथे बहुरूपी आहे आर्डुइनो, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये वापरतात ते काही शे रुपयांचं बोर्ड. त्याला कागद नको, तापणारं डोकं नको. गेम बॉयनं प्रश्न विचारला की प्रिंटरनं दिलं असतं तेच उत्तर त्याच वेळेला द्यायचं, एवढंच त्याचं काम.

पण वेळेला देणं हीच गंमत आहे. गेम बॉय आणि प्रिंटरच्या मधल्या तारेवर मालक गेम बॉय असतो. घड्याळाचे ठोके तो देतो, सेकंदाला ८,१९२. प्रत्येक ठोक्याला एक बिट जातो आणि त्याच ठोक्याला समोरून एक बिट येतो. म्हणजे एका बिटला साधारण १२२ मायक्रोसेकंद. ऐकायला फार कमी वाटतं, पण १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनोला तेवढ्यात जवळपास १,९५० ठोक्यांचा वेळ मिळतो. आरामात जमतं. फक्त त्यानं त्या वेळी दुसरीकडे लक्ष द्यायचं नाही.

म्हणून घड्याळाची तार आर्डुइनोच्या इंटरप्ट पिनला जोडतात. इंटरप्ट म्हणजे 'या तारेवर हालचाल झाली की हातातलं काम सोड आणि आधी हे बघ' अशी चिपला दिलेली ताकीद. नवशिके इथेच फसतात. आलेला बाइट त्या इंटरप्टच्या आतच कॉम्प्युटरकडे पाठवायला जातात, त्यात वेळ जातो आणि पुढचा बिट हुकतो. एक बिट हुकला की मागचे सगळे बाइट सरकतात आणि फोटोची खिचडी होते. बरोबर पद्धत अशी की इंटरप्टमध्ये बाइट फक्त रांगेत टाकायचा आणि रांग रिकामी करायचं काम बाहेरच्या निवांत लूपवर सोपवायचं.

दोघांचं बोलणं नेमकं काय असतं?

गेम बॉयचं प्रत्येक पाकीट दोन ठरलेल्या बाइटनी सुरू होतं, हेक्साडेसिमलमध्ये ८८ आणि ३३. 'ऐक रे' म्हणण्याचाच प्रकार. मग हुकूम येतो. ०१ म्हणजे तयार हो, ०४ म्हणजे हा घे डेटा, ०२ म्हणजे छाप, ०एफ म्हणजे काय चाललंय सांग. त्यानंतर डेटा दाबून लहान केलाय का, तो किती लांब आहे, मग खुद्द डेटा आणि शेवटी सगळ्याची बेरीज. बेरीज जुळली तर माल नीट पोचला.

यानंतर गेम बॉय दोन रिकामे बाइट पाठवतो आणि बहुरूप्याची परीक्षा इथे असते. पहिल्या रिकाम्या बाइटला उत्तर ८१ द्यायचं, म्हणजे 'मी प्रिंटर, हजर आहे'. दुसऱ्याला आपली अवस्था सांगायची. त्या एका बाइटचे आठ बिट म्हणजे आठ तक्रारींची खिडकी. बेरीज चुकली, छपाई चालू आहे, कागद अडकला, सेल उतरले, ज्याचा त्याचा बिट ठरलेला. आर्डुइनोकडे कागदच नाही, त्यामुळे तो अडकल्याचं सांगायची वेळ कधी येत नाही. पण छपाईला वेळ लागतोय हे नाटक मात्र करावं लागतं. छापायचा हुकूम आला की काही वेळा 'छापतोय, छापतोय' म्हणायचं आणि मग 'झालं'. खऱ्या प्रिंटरकडून गेम हाच क्रम ऐकत आलेला असतो.

आता थोडा हिशोब. चौकटीसकट छापलं जाणारं चित्र १६० बाय १४४ ठिपक्यांचं. एका ठिपक्याला दोन बिट, कारण छटा चार. गुणाकार केला की ५,७६० बाइट होतात. ते ६४० बाइटच्या नऊ हप्त्यांत येतात. खऱ्या प्रिंटरकडे हे साठवायला ८ किलोबाइट मेमरी होती. आर्डुइनो उनोकडे आहे २ किलोबाइट! १९९८ च्या खेळण्यातल्या प्रिंटरपेक्षा आजच्या बोर्डाची मेमरी कमी, हे वाचून कुणालाही हसू येईल.

पण साठवायचंच कशाला? आर्डुइनो फोटो स्वतःकडे ठेवत नाही. बाइट आला की यूएसबीवरून पुढे ढकलतो. गेम बॉयकडून सेकंदाला जास्तीत जास्त १,०२४ बाइट येतात. ते दोन हेक्स अक्षरं आणि एक मोकळी जागा असे लिहून पाठवले तरी सेकंदाला तीन हजारांच्या आसपास अक्षरं होतात. यूएसबी सिरियलचा नेहमीचा १,१५,२०० चा वेग सेकंदाला साडेअकरा हजार अक्षरं सहज नेतो. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये एक छोटा प्रोग्राम ही अक्षरं घेतो, आठ बाय आठच्या चौकोनांत मांडतो आणि पीएनजी फाइल तयार करतो. तोच फोटो, कधीही न पुसला जाणारा.

जोडणी करताना

गेम बॉयच्या लिंक केबलमध्ये सहा जागा असतात, इथे चारच तारा लागतात. घड्याळ, येणारी, जाणारी आणि ग्राउंड. वीज देणारी तार जोडायचीच नाही. स्वस्तातल्या केबलमध्ये तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावून प्रत्येक तार तपासा. येणारी आणि जाणारी तार केबलच्या आतच उलटसुलट झालेली असते, त्यामुळे पहिल्या वेळी काहीच आलं नाही तर या दोन अदलाबदल करून बघायच्या.

अजून एक. जुना गेम बॉय ५ व्होल्टवर बोलतो, उनो आणि नॅनोही ५ व्होल्टवर, म्हणून त्यांची जोडी सरळ जमते. वायफायच्या मोहानं ईएसपी ३२ किंवा रास्पबेरी पाय पिको घेतलात तर ते ३.३ व्होल्टवाले आहेत. मध्ये लेव्हल शिफ्टर लागेल, नाहीतर बोर्ड जळू शकतं.

आणि हातात कागद हवाच असेल तर? त्यासाठी जपानहून जुना प्रिंटर मागवायची गरज नाही. किराणा दुकानात बिल फाडतात तो छोटा थर्मल प्रिंटर चालतो. त्याच्या एका ओळीत ३८४ ठिपके मावतात. गेम बॉयचं चित्र दुप्पट केलं की रुंदी होते ३२० ठिपके, म्हणजे आरामात बसतं. शिवाय दुप्पट केल्यामुळे मूळच्या एका ठिपक्याला चार ठिपक्यांची जागा मिळते. त्यातले शून्य, एक, दोन किंवा चार काळे केले की फक्त काळं छापणाऱ्या प्रिंटरवर चारही छटा दिसू लागतात. हा कागदही उडणारच, पण आता मूळ फाइल सुरक्षित आहे. पुन्हा छापा.

एक चूक मात्र करू नका. घरात, किंवा परदेशातल्या मामा-काकांच्या माळ्यावर असा कॅमेरा सापडला तर 'सेल जुना झालाय, आधी बदलून घेऊ' म्हणत कार्ट्रिज उघडू नका. सेल काढला की त्याच क्षणी तीसही फोटो जाऊ शकतात. आधी कार्ट्रिज गेम बॉयमध्ये घाला, अल्बम उघडतोय का बघा, एकेक फोटो आर्डुइनोवर 'छापून' घ्या, फाइल उघडून खात्री करा. सेलचं काम त्यानंतर.