दृष्टीआडचा मजकूर आणि त्याची खूण

मोडी दप्तरातील लांब कागद एका नजरेत मावत नसे. तावाखाली ताव चिकटवून केलेली गुंडाळी कारकून उलगडीत जाई, आणि कोणत्याही क्षणी तिचा थोडाच भाग त्याच्या डोळ्यांपुढे असे. खाली आणखी मजकूर आहे की नाही, आणि असल्यास तो मूळचा की मागाहून जोडलेला, हे त्याने कसे ओळखावे? मराठी दप्तराने याची तजवीज केलेली दिसते. तावांच्या सांध्यावर पाठीमागून मुद्रा उमटवीत, म्हणजे मधला ताव बदलणे अवघड होई. आणि मजकूर संपे तेथे मोर्तब पडे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत. लेखनाची हद्द येथे संपली, एवढाच त्यांचा अर्थ. त्याखाली कोणी काही लिहिल्यास ते पत्राबाहेरचे ठरे.

‘मोर्तब’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. दख्खनच्या सुलतानशाह्यांत फारसी व मराठी लेखन शेजारी शेजारी चालत असे. १४९० मध्ये स्थापन झालेली अहमदनगरची निजामशाही त्यांपैकीच एक. आजच्या अहिल्यानगर शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद जतन केलेले आहेत. परंतु ज्याने असा एकही कागद पाहिलेला नाही, तोही ‘शिक्कामोर्तब झाले’ असे सहज बोलतो. खूण व्यवहारातून गेली, शब्द मात्र टिकला.

गुंडाळीची ही अडचण संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभी राहिली. २००७ मध्ये असूस कंपनीचा ‘ई पीसी’ हा लहान संगणक बाजारात आला. त्याचा पडदा सात इंचांचा, ८०० बिंदू रुंद व ४८० बिंदू उंच. जी चौकट ६०० बिंदू उंचीच्या पडद्यासाठी आखलेली, तिचे तळचे १२० बिंदू त्यावर दिसणारच नाहीत. आणि संमतीचे बटण नेमके तळाशी असावयाचे. अर्ज भरणाऱ्याने सर्व रकाने पुरे केले तरी तो पुढे जाऊ शकत नसे. खाली काही आहे याची खूणही नसल्यामुळे तो दोष स्वतःकडे घेई. जाणकार लिनक्सवर ‘आल्ट’ कळ दाबून सारी खिडकी वर ओढीत, किंवा ‘टॅब’ कळीने न दिसणाऱ्या बटणापर्यंत जाऊन ‘एंटर’ दाबीत. हे एक प्रकारे आंधळेपणाने केलेले शिक्कामोर्तबच होय!

या प्रश्नाचा मूलगामी विचार त्यापूर्वीच झाला होता. २००३ मध्ये पॅट्रिक बाउडिश व रूथ रोझेनहोल्ट्झ यांनी ‘हेलो’ ही पद्धत मांडली. लहान पडद्यावरील नकाशात न मावलेल्या प्रत्येक स्थळाभोवती वर्तुळ कल्पावयाचे, आणि त्याचा कंस पडद्याच्या कडेला जेमतेम डोकवावा इतके ते वाढवावयाचे. कंसाच्या वक्रतेवरून स्थळ कोठे व किती दूर हे कळते. स्थळे पुष्कळ असली की कंसांची दाटी होते. म्हणून २००८ मध्ये ‘वेज’ या पद्धतीत कंसाऐवजी त्रिकोण आला. सांध्यावरील मुद्रेशी या कल्पनेचे नाते अधिक जवळचे वाटते, कारण दोन्ही खुणा दृश्य व अदृश्य यांच्या सीमेवरच उमटतात. शेवट कोठे हे सांगणे मात्र त्यांचे काम नव्हे. ते काम कडेच्या सरकपट्टीचे. आणि २०११ मध्ये ॲपलने आपल्या ‘लायन’ प्रणालीत, मजकूर सरकवीत नसताना, तीच लपविण्याची रीत सुरू केली.