किती रंग घ्यावेत?

तर झालं असं. बायकोने आजीच्या फोटोचं डायमंड पेंटिंग करायचं ठरवलं. फोटो चढवल्यावर प्रश्न आला, रंग किती? 30 की 50? मी पडलो इंजिनिअर, म्हटलं 50! नमुना बघितला तर आजीच्या गालाचा पार चिवडा, शेजारशेजारचे खडे सगळे वेगळ्या रंगाचे. 30 केले तर गाल सुधारला, पण कपाळावरचं कुंकू गायब!

आजीचा हा एकच धड फोटो. वाद पेटला. उत्तर शोधता शोधता मी पॅरिसला पोहोचलो.

तिथला गोब्लँचा कारखाना 1662 साली चौदाव्या लुईच्या ताब्यात आला. भिंतीवर टांगायची चित्रं तिथे रंगीत धाग्यांनी विणत. (पैठणीच्या पदरावरचा मोरही साधारण असाच विणतात.) 1730च्या दशकात झाँ-बाप्तिस्त ऊद्री हा चित्रकार देखरेखीला आला. त्याचा हट्ट असा की विणलेलं चित्र हुबेहूब रंगवलेल्यासारखंच दिसलं पाहिजे. विणकर कुरकुरले, लोकर म्हणजे काय तैलरंग आहे? पण छटा वाढतच गेल्या आणि त्यातल्या कित्येक फिकट छटा पुढे उडून गेल्या. माझं मत विचाराल तर मी विणकरांच्या बाजूने.

1824 साली शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगशाळेचा प्रमुख झाला. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्याने इतर ठिकाणचे काळे धागे आणून ताडून पाहिले. रंगात खोट नव्हतीच! शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो काळा मरत होता. या शेजारधर्मावर त्याने 1839 मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला.

विसाव्या शतकात झाँ लुर्साने उलटी वाट धरली. आँजे गावातला चौदाव्या शतकातला, मोजक्या रंगांत विणलेला भव्य पट बघून तो भारावला होता. त्यानेही रंग मोजकेच ठेवले आणि विणकरांना नुसत्या रेषा आणि प्रत्येक भागात लोकरीचा नंबर असा आराखडा द्यायला सुरुवात केली. म्हणजे आपला डायमंड पेंटिंगचा कॅनव्हासच की हो!

आता कुंकू का गेलं? रंग कमी करण्याची एक गाजलेली पद्धत पॉल हेकबर्टने 1982 मध्ये मांडली, मीडियन कट. त्यात प्रत्येक रंगाच्या वाट्याला साधारण सारखेच पिक्सेल येतात. अर्धा फोटो भिंत असेल, तर जवळपास अर्धे रंग भिंतच खाते. कुंकवाचे पिक्सेल ते किती! आमच्या दुकानदाराचं सॉफ्टवेअर नेमकं काय करतं देव जाणे, पण लक्षणं तीच.

मग मी भिंत सपाट, एकाच रंगाची करून टाकली, फोटो चेहऱ्याजवळ कापला आणि 30च ठेवले. कुंकू परत आलं. आईला दाखवलं, तर म्हणते, "अरे, नाकातली चमकी कुठाय?"

आता 36 करून बघतोय.