इतिहासाच्या तासाला विचारलेला एक प्रश्न



काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी पानिपतचा धडा शिकवीत होतो. फळ्यावर तारीख लिहिली होती, १४ जानेवारी १७६१. एका बाजूला सदाशिवरावभाऊ व विश्वासराव आणि दुसऱ्या बाजूला अहमदशहा अब्दाली, असा नकाशा काढून झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि चाचरत म्हणाला, "सर, या लढाईत आपण कोणाच्या बाजूने होतो?"

वर्गात क्षणभर शांतता पसरली. प्रश्नातला 'आपण' हा शब्द माझ्या काळजाला लागला. तो मुलगा महाराष्ट्रात जन्मला. त्याच्या आजोबांची आणि पणजोबांची हाडे याच मातीत आहेत. घरी तो मराठी आणि दखनी अशा दोन्ही बोली बोलतो. तरीही इतिहासाच्या तासाला आपण कोणत्या बाकावर बसायचे, हे त्याला कळेनासे झाले होते. असा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उगवत नाही. कोणीतरी, केव्हातरी, तो पेरलेला असतो.

मी त्याला इब्राहिमखान गारद्याची हकीकत सांगितली. पेशव्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ घेऊन हा सरदार पानिपतावर अखेरपर्यंत लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. मग दुसऱ्या बाजूचीही गोष्ट सांगितली. अब्दालीच्या पक्षाला मिळालेल्या शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज नावाचा एक दक्षिणी पंडित होता. या लढाईचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत त्याने पुढे फारसीत लिहिला आणि आजही अभ्यासक तो वाचतात. शुजाच्याच फौजेत गोसाव्यांची पथकेही होती. म्हणजे मराठ्यांच्या बाजूने एक मुसलमान प्राण देतो, आणि अब्दालीच्या बाजूच्या छावणीत बसून एक हिंदू पंडित फारसीत टिपणे घेतो. मुलगा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मी पाहिला. पण माझा ताण मात्र तेव्हापासून सुरू झाला. हा प्रश्न आला कोठून, याचा शोध घेणे मला भाग पडले. त्या शोधात जे हाती लागले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

भूतकाळ आणि इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूतकाळ घडून गेला. इतिहास माणसे लिहितात. लिहिणारा हजार कागदांतून दहा कागद निवडतो, त्यांचा अर्थ लावतो आणि त्याला एक नाव देतो. पुढे तेच नाव पाठ्यपुस्तकात जाते, भाषणात जाते आणि चौकातल्या फलकावर चढते. निवड, अर्थ आणि वापर या तीन पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते, आणि लबाडीही होऊ शकते.

आपल्या देशाच्या बाबतीत पहिली मोठी चूक एका ग्रंथाने केली. जेम्स मिल या लेखकाने १८१७ साली ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. हे गृहस्थ हिंदुस्थानात कधी आले नव्हते. येथील एकही भाषा त्यांना येत नव्हती. त्यांनी येथील इतिहासाची हिंदू काळ, मुसलमान काळ आणि ब्रिटिश काळ अशी वाटणी रूढ केली. विद्यार्थी मित्रहो, या वाटणीकडे नीट पाहा. पहिल्या दोन काळांना धर्माचे नाव आहे, पण तिसऱ्याला 'ख्रिस्ती काळ' म्हटलेले नाही. राज्यकर्ता इंग्रज असला की तो राष्ट्राचा प्रतिनिधी आणि हिंदी असला की तो फक्त धर्माचा प्रतिनिधी! शिवाय तथाकथित 'हिंदू काळा'त बौद्ध आणि जैन राजे होऊन गेले, आणि 'मुसलमान काळा'त विजयनगरचे बलाढ्य राज्य दोनशेहून अधिक वर्षे नांदले. या गोष्टी त्या चौकटीत बसत नाहीत. तरीसुद्धा कंपनीचे भावी अधिकारी या ग्रंथावर पोसले गेले, आणि त्यांच्या शाळांतून ती चौकट आमच्या आजोबांच्या पाटीवर आली.

दुसरे उदाहरण सर हेन्री इलियट यांचे. त्यांनी फारसी तवारिखांतील उतारे गोळा केले. त्यांच्या मृत्यूनंतर जॉन डाउसन यांनी ते काम पुरे केले आणि १८६७ ते १८७७ या काळात त्याचे आठ खंड निघाले. श्रम मोठे होते, यात शंका नाही. पण आपला हेतू इलियट यांनी १८४९ सालीच लिहून ठेवला होता. पूर्वीच्या राजवटी किती जुलमी होत्या हे वाचून हिंदी प्रजेला इंग्रजी अंमलाचे उपकार कळावेत, असा त्याचा आशय होता. एकदा हेतू असा ठरला, की उतारेही तसेच निवडले जाणार. लढाया, कत्तली आणि लूट ठळकपणे आली. विहिरी, बाजार, शेतसारा, संगीत, सूफी आणि संत मागे पडले.

आता इतिहासाचा सार्वजनिक वापर कसा होतो, त्याचा एक नमुना पाहा. १८४२ साली अफगाणिस्तानातील युद्धात इंग्रजांची फार नाचक्की झाली होती. ती झाकण्यासाठी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांनी गझनीच्या महमुदाच्या कबरीचे लाकडी दरवाजे काढून आणविले. हेच सोमनाथाचे लुटून नेलेले दरवाजे आहेत, आठशे वर्षांच्या अपमानाचा आम्ही सूड घेतला आहे, असा जाहीरनामा त्यांनी येथील राजेरजवाड्यांना उद्देशून काढला. दरवाज्यांची मिरवणूक निघाली. पुढे तपासणी झाली, तेव्हा ते लाकूड देवदाराचे निघाले आणि त्यावरचे काम गुजराती धाटणीचे नव्हतेच! १८४३ साली खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात मेकॉले यांनी या प्रकरणावर कडाडून टीका केली. ते दरवाजे सोमनाथला पोचलेच नाहीत. ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. पण जे विष त्या जाहीरनाम्याने पेरले, ते मात्र गावोगाव पोचले.

यावर कोणी म्हणेल, "तर मग महमुदाने सोमनाथ लुटलेच नाही काय?" लुटले. १०२६ साली त्याने ते मंदिर फोडले आणि संपत्ती नेली, हे सत्य आहे. ते झाकू नये आणि त्याचे समर्थनही करू नये. पण त्याच सोमनाथच्या परिसरात १२६४ सालचा आणखी एक पुरावा आहे, तोही तितकाच सत्य आहे. होर्मुझचा नूरुद्दीन फिरोज हा जहाजमालक व्यापारासाठी तेथे आला. स्थानिक प्रतिष्ठितांच्या साह्याने त्याने जमीन मिळविली आणि मशीद बांधली. या व्यवहाराचा लेख संस्कृतमध्ये आहे आणि अरबीतही आहे. संस्कृत लेखात अल्लाहला 'विश्वनाथ' म्हटले आहे, आणि हिजरी व विक्रम यांसह चार कालगणनांतील वर्षे दिली आहेत. अरबी लेखाचा सूर थोडा निराळा आहे. हे शहर एके दिवशी इस्लामचे शहर व्हावे, अशी इच्छा त्यात आहे. मी हेही सांगितले पाहिजे. आपल्याला सोयीची ओळ वाचून दाखवायची आणि गैरसोयीची वगळायची, असे मीच केले, तर इलियटसाहेबांना दोष देण्याचा मला काय अधिकार?

वाचकहो, येथे आपण स्वतःकडेही पाहू या. आपल्या जलशांत आणि व्याख्यानांत आपणही पुष्कळदा बादशहांच्या वैभवाच्याच कथा सांगतो. जणू दिल्लीच्या तख्तावर बसलेला प्रत्येक सुलतान आपल्या घरचाच वडीलधारा! खरे म्हणजे आपले बहुतेक पूर्वज विणकर, शेतकरी, दर्यावर्दी, बागवान आणि शिपाई होते. बादशहाचा खजिना त्यांच्या घरी आला नाही, आणि त्याच्या पापाचा हिशेबही त्यांनी देण्याचे कारण नाही. शेजारच्या पाकिस्तानात हा प्रयोग सरकारी पातळीवर झाला. राष्ट्राची गोष्ट मुहम्मद बिन कासिमपासून सुरू करायची आणि मोहेंजोदडो व तक्षशिला यांना बाजूला सारायचे, अशी पुस्तके तेथे लिहिली गेली. तेथल्याच के. के. अझीझ या इतिहासकाराने १९९३ साली ग्रंथ लिहून या पाठ्यपुस्तकांतील चुका चव्हाट्यावर मांडल्या. आपल्याकडेही पाठ्यपुस्तके वादापासून सुटली नाहीत. १९७८ साली प्रा. रामशरण शर्मा यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक मागे घेण्यात आले. २०२३ साली बारावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून मोगल दरबारांवरील प्रकरण गाळले गेले. प्रकरण गाळल्याने काळ गळत नाही. मात्र त्या काळाविषयी विचारण्याची मुलाची संधी गळते.

मग उपाय काय? नुसती तक्रार करणे हा उपाय नव्हे. याबाबतीत महाराष्ट्राने स्वतःच एक उत्तम धडा घालून दिलेला आहे. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यातील उणिवा दाखविल्या. पुढे वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर कसर लागलेली दप्तरे त्यांनी सोडविली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली. दुसऱ्याने लिहिलेला इतिहास पटला नाही, म्हणून ही माणसे रुसून बसली नाहीत. त्यांनी कागद गोळा केले.

आणि आपण? सांगताना मान खाली जाते. माझ्या आजोबांच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. तीत काही फारसी, काही मोडी कागद होते. शिक्के मारलेले, जाड, पिवळे पडलेले. घराची डागडुजी निघाली, तेव्हा कोणालाच वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत घातले गेले. मी त्यावेळी शाळकरी होतो. पुढे महिनाभर कोपऱ्यावरच्या दुकानातून आमच्या घरी जिऱ्याच्या पुड्या येत, त्यातल्या एका पुडीवर तोच शिक्का मी ओळखला. सनद होती, इनामपत्र होते की नुसते कर्जखत, हे आता कधीच कळणार नाही. आपला इतिहास कोणीतरी चोरला, असे आपण म्हणतो. आमच्या घरचा इतिहास आम्हीच किलोच्या भावाने विकला.

इब्न खलदून हा थोर इतिहासकार १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मला. १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्याने इतिहासकारांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. स्वपक्षाचा अभिमान, सांगणाऱ्यावर आंधळा विश्वास आणि आकडे फुगविण्याची हौस, यांमुळे इतिहास बिघडतो, असे तो म्हणतो. सैन्याचे लाखांचे आकडे वाचताना, एवढ्या माणसांना त्या मुलखात उभे राहायला जागा आणि खायला धान्य होते काय, हे आधी विचारावे, असा त्याचा रोख आहे. आपल्याकडे हदीसच्या अभ्यासात तर सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकले, तो भरवशाचा होता काय, हे तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. ही शिस्त आपल्या घरातली आहे. ती इतिहासाच्या पुस्तकालाही लावली पाहिजे आणि हल्ली मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक 'ऐतिहासिक सत्या'लाही लावली पाहिजे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. घरातील जुने कागद, कबरींवरील लेख, दर्ग्याच्या सनदा, आजीच्या तोंडची गाणी जपा. जाणकारांना दाखविल्याशिवाय एकही कागद टाकू नका. विद्यार्थ्यांनो, मोडी शिका, फारसी शिका. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत काव्यरचना केली आणि वारकऱ्यांनी त्यांना संत मानले, हेही वाचा. कोणताही मजकूर हाती आला की तीन प्रश्न विचारा : हे कोणी लिहिले, कशाच्या आधारावर लिहिले आणि कोणासाठी लिहिले?

त्या मुलाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मी त्या दिवशी दिले नाही, ते आज देतो. बाळा, १७६१ साली आपण कोणाच्याच बाजूने नव्हतो, कारण आपण जन्मलोच नव्हतो. जे मेले, ते त्यांच्या धन्यासाठी, मिठासाठी आणि शब्दासाठी मेले. आपण आज आहोत. आज बाजू घ्यायचीच असेल, तर ती खऱ्याची घ्यावी, मग ते खरे आपल्या लाडक्या राजाला अडचणीचे असो की दुसऱ्याच्या. एवढे जमले, तर या देशाच्या इतिहासाच्या तासाला आपल्याला कोणत्या बाकावर बसायचे, हे कोणाला विचारण्याची पाळी येणार नाही.