लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरलेले अमेरिकन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अटलांटिक ओलांडून इंग्लंडात येणारा अमेरिकन प्रवासी बहुधा लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरे. आणि जिची भाषा आपली, जिचे कवी आपण बालपणी मुखोद्गत केले, जिच्या कायद्यांच्या पायावर आपली न्यायालये उभी राहिली, त्या भूमीत आपणास परके वाटण्याचे काहीएक कारण नाही, अशा गाढ समजुतीने तो पहिले पाऊल टाकी. ही समजूत दोन-चार दिवसांत ढासळे, आणि ती ढासळविणाऱ्या गोष्टी राजसिंहासन, उमरावसभा किंवा धर्मपीठ यांच्यासारख्या भव्य नसून अगदी किरकोळ असत: ट्रंक कोणाच्या हवाली करावयाची, आगगाडीत समोरच्या गृहस्थाशी बोलावयाचे की नाही, खोलीतील गारठा मुकाट्याने सोसावयाचा की त्याची तक्रार करावयाची. फ्रान्सात किंवा इटलीत वेगळेपण गृहीतच धरलेले असल्यामुळे ते सुसह्य होई. इंग्लंडातले वेगळेपण मात्र चुलत्याने भर लग्नात ओळख न दाखविल्यासारखे जिव्हारी लागे.

'स्कार्लेट लेटर'चा कर्ता नॅथॅनिएल हॉथॉर्न हा १८५३ ते १८५७ पर्यंत लिव्हरपूल येथे अमेरिकेचा वाणिज्यदूत होता. खलाशांच्या कैफियती ऐकणे आणि निष्कांचन देशबांधवांना वाटेला लावणे ही त्याची नित्याची कामगिरी. पण १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या 'अवर ओल्ड होम' या ग्रंथात त्याने जी माणसे चितारली आहेत, त्यांत सर्वांत विलक्षण ते अमेरिकन वारस होत. इंग्लंडातील एखादे मोठे वतन वास्तविक आपल्याच घराण्याचे आहे, अशी या मंडळींची श्रद्धा असे. कनेक्टिकटमधील एका दुकानदाराने आपल्या दोन मुलांना राणी व्हिक्टोरिया आणि राजपती आल्बर्ट यांची नावे ठेवून कुटुंबाची छायाचित्रे राणीकडे धाडली. चिटणीसाच्या सहीचे आभाराचे पत्र येताच गृहस्थ दुकान बंद करून वारसा मागावयास समुद्रापार निघाला. प्रजासत्ताकाचा हा नागरिक मनाने किती जुन्या जगात वावरत होता, हे पाहून हसू येते, आणि थोडी कीवही.

लिव्हरपूलहून पुढचा प्रवास आगगाडीचा. अमेरिकेतील डबा म्हणजे मधोमध वाट असलेला एकच एक लांब दिवाणखाना. त्यात फेरीवाला हिंडे, मुले धावत, आणि शेजारच्या माणसाने नाव, गाव, धंदा व राजकीय मते विचारली तर त्यात कोणास आगाऊपणा वाटत नसे. इंग्लंडात डब्याचे आडवे कप्पे पाडलेले, प्रत्येकाचे दार थेट फलाटावर उघडणारे, आणि गाडी सुटल्यावर समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांस एकमेकांखेरीज दुसरे जग नाही. इतक्या निकट बसूनही ती माणसे बोलत नाहीत, हा अमेरिकनांच्या आश्चर्याचा विषय. १८३३ व १८४७ साली इंग्लंडास भेट देणाऱ्या अमेरिकन निबंधकार एमर्सनने आपल्या 'इंग्लिश ट्रेट्स' या १८५६ च्या पुस्तकात या अबोलपणाची दखल घेतली आहे; त्याच्या दृष्टीने प्रत्येक इंग्रज हे एकेक स्वतंत्र बेट होते. या कप्प्यांची दुसरी बाजू १८६४ साली प्रकट झाली. लंडनच्या एका उपनगरी गाडीत पहिल्या वर्गाच्या कप्प्यात थॉमस ब्रिग्ज नामक बँकेच्या वृद्ध कारकुनाचा खून झाला. संशयित फ्रान्झ म्युलर शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्ककडे पळाला, आणि वेगवान आगबोटीने निघालेले पोलीस त्याच्या आधीच तेथे पोहोचून वाट पाहत बसले. चालत्या गाडीतून उतारूंना गार्डास इशारा देता आला पाहिजे, असे बंधन कायद्याने घालावयास त्यापुढेही १८६८ साल उजाडले.

सामानाची व्यवस्था याहून बोधक होती. अमेरिकेत ट्रंकेस पितळी बिल्ला अडकवीत, त्याचा जोडीदार उतारूच्या हाती देत, आणि मुक्कामी तो दाखविल्यावाचून ट्रंक मिळत नसे. इंग्लंडात हमाल ट्रंकेवर गावाच्या नावाची चिठ्ठी डकवी आणि ती गाडीत लोटून देई. पावती नाही, बिल्ला नाही. लंडनच्या फलाटावर सामानाचा ढीग पडे, आणि हे माझे, ते माझे, असे बोटाने दाखवील त्याच्या स्वाधीन ते होई. अमेरिकनास ही अनागोंदी वाटे. आणि तरीही सामान सहसा हरवत नाही, हे पाहून तो अधिकच बुचकळ्यात पडे. माझ्या मते दोन समाजांमधले खरे अंतर येथे सापडते. ज्या देशात लोकवस्ती सतत पश्चिमेकडे सरकत होती आणि शेजारी कोण हे उद्या ठाऊक असेलच असे नव्हते, तेथे बिल्ल्यावर, छापील नियमावर, यंत्रावर भिस्त ठेवणे प्राप्तच होते. इंग्लंडची भिस्त अद्याप माणसावर होती, हमालावर, दरवानावर, खाणावळीच्या मालकिणीवर, आणि या अवलंबून राहण्याची किंमत बक्षिसीच्या रूपाने पावलोपावली वसूल होई.

चलनाबद्दलची अमेरिकन प्रवाशांची कुरकुर मराठी वाचकास फारशी पटणार नाही. १७९२ पासून दशमान डॉलर वापरणाऱ्यांना बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड आणि एकवीस शिलिंगांची गिनी हा छळ वाटला, तर नवल नाही; परंतु सोळा आणे आणि बारा पै यांच्या हिशेबात वाढलेल्या आपल्या आजोबांना त्यात काही वावगे दिसले नसते. आपण १९५७ साली दशमान पद्धती पत्करली, इंग्रजांनी १९७१ साली.

थंडी आणि बर्फ यांची कथा निराळीच. शेगडीसमोर छाती भाजावी आणि पाठ गारठावी, ही इंग्रजी घराची रीत बंद लोखंडी स्टोव्हला सरावलेल्या अमेरिकनास असह्य होई. आणि त्याच गारठ्यात राहणारे हे लोक पाण्यात बर्फ मात्र घालत नाहीत, याचे त्याला कोडे पडे. अमेरिकन व्यापाऱ्यांनी प्रयत्न केला नाही असे नाही. १८४०च्या दशकात मॅसाचुसेट्समधील वेनम सरोवराच्या बर्फाची लादी लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील दुकानात मांडलेली असे आणि लोक ती पाहावयास थांबत. पण कौतुकापलीकडे ती सवय रुजली नाही. बॉस्टनचा असाच बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्यास आणि पुढे मुंबईसही आला, आणि आमच्या उन्हाळ्यात त्याला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही.

सर्वच भेद अमेरिकेच्या अभिमानास पोसणारे नव्हते. १८५० साली फ्रेडरिक लॉ ओल्म्स्टेड हा तरुण शेतकरी लिव्हरपूलसमोरच्या बर्केनहेडमध्ये उतरला असता एका पाववाल्याने त्यास गावचे नवे उद्यान पाहिल्यावाचून पुढे न जाण्याची गळ घातली. जोसेफ पॅक्स्टनने आखलेले ते उद्यान १८४७ साली लोकांसाठी खुले झाले होते, आणि गरिबातला गरीब माणूसही तेथे श्रीमंताइतक्याच हक्काने हिंडतो, असे काही लोकसत्तेचा डंका वाजविणाऱ्या आपल्या देशात नाही, हे ओल्म्स्टेडला लख्ख दिसले. पुढे लंडनमध्ये जन्मलेल्या कॅल्व्हर्ट व्हॉक्सच्या साहाय्याने १८५८ साली त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा स्पर्धेत जिंकला.

आतापर्यंत ही सारी हौशी प्रवाशांची टिपणे होती. १९४२ साली त्यांना सरकारी दफ्तराचे रूप आले. त्या वर्षीच्या जानेवारीत पहिली अमेरिकन पलटण बेलफास्टला उतरली, १९४४ च्या वसंतापर्यंत ब्रिटनमधील अमेरिकन सैनिकांची संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली, आणि त्यांच्या खिशात वॉशिंग्टनच्या युद्धखात्याने एक चिमुकली पुस्तिका घातली. बढाई मारू नका. पगाराचे प्रदर्शन करू नका. त्यांना कॉफी करता येत नाही तसा तुम्हाला चहा करता येत नाही. बिअर गार नसेल. गणवेशातील स्त्री हुकूम देऊ शकते, आणि तिने तो अधिकार बाँबवर्षावात कमावलेला आहे, असा तिचा आशय. चहा ज्या देशात माणशी आठवड्यास दोन औंस मिळत होता, तेथे घरी बोलावलेल्या सैनिकाने यजमानाचे अन्न संपवू नये, हा इशारा त्यात सर्वांत शहाणपणाचा.

पण एक भेद चहा-बिअरच्या पंक्तीत बसणारा नव्हता. अमेरिकन सैन्यात कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या होत्या, आणि लँकेशरमधील बँबर ब्रिज या गावच्या मद्यगृहांत अशाच एका पलटणीतील मालमोटारींचे चालक गावकऱ्यांच्या शेजारी बसून पीत. मुंबईतील ज्या क्लबांत हिंदी माणसास सभासदत्व नव्हते, त्यांची आठवण असलेल्यास इंग्रजांची ही समदृष्टी संपूर्ण पटणे कठीण. तरी त्या गावापुरती ती खरी होती. जून १९४३ मध्ये अमेरिकन लष्करी पोलीस त्या सैनिकांना पकडावयास आले तेव्हा गावकरी सैनिकांच्या बाजूने उभे राहिले. त्या रात्री गोळ्या झडल्या, एक कृष्णवर्णीय सैनिक मारला गेला आणि तिसाहून अधिक जणांवर बंडाचा आरोप शाबीत झाला. वर्षभरात बहुतेकांच्या शिक्षा कमी करण्यात आल्या. सैन्यातील भेदभाव नाहीसा करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीने निघाला तो १९४८ च्या जुलैत.