आवाजाची परतीची वाट

परवा नातू नव्या संगणकाचे सुटे भाग जोडत बसला होता. मधेच विचारले, "आबाजी, हे समोरच्या हेडफोनचं वायर कुठं लावाचं?" प्रश्न ऐकला आणि मला २००५ ची उन्हाळ्याची सुट्टी आठवली.

त्या वर्षी नाकाडोंगरीच्या आमच्या घरात पहिला संगणक आला. आला म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीवरून सुटे भाग आले, आणि पुतण्याने ते जोडले. आईच्या ओव्यांची जुनी कॅसेट आम्ही सीडीवर उतरवून घेतली होती. आईला जाऊन चार वर्षे झाली होती. ओव्या ऐकायला मोठी ताई मुद्दाम बालाघाटहून आली होती. सीडी फिरली, पडद्यावर आकडे सरकू लागले... पण आवाज नाही! दुरुस्तीवाला म्हणाला, मदरबोर्ड गेला. ताई काही न बोलता उठून आत गेली.

रात्री मी माहितीपुस्तिका घेऊन बसलो. मराठी माध्यमाचा बीए, त्यामुळे इंग्रजी बेताचेच. शब्दकोश शेजारी ठेवला.

ती जोडणी एसी ९७ पद्धतीची होती. इंटेलने १९९७ साली ठरवलेली. दहा पिनांची जागा, त्यातली आठवी पिन मुद्दाम नसलेली, म्हणजे जोडणी उलटी बसू नये. पाचव्या-सहाव्या आणि नवव्या-दहाव्या पिनांवर मुळात दोन छोट्या टोप्या, म्हणजे जम्पर, असतात. पुतण्याने वायरी लावण्यासाठी त्या काढल्या होत्या. पण 'आरईटी' लिहिलेल्या दोन वायरी जास्तीच्या समजून बांधून ठेवल्या होत्या. आरईटी म्हणजे रिटर्न. परतीची वायर!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला तो ट्रान्झिस्टरमुळे. कानात घालायच्या बोंडाची पिन खुपसली की ट्रान्झिस्टरचा भोंगा गप्प व्हायचा, काढली की पुन्हा बोलायचा. आत पत्र्याची एक लवचीक पट्टी असते. पिन तिला बाजूला सारते. (त्या ट्रान्झिस्टरच्या सेलमध्ये मँगनीज डायऑक्साइड असायचे, आणि तसले खनिज आमच्या शेजारच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघते!)

ही युक्ती टेलिफोनच्या काळातली. १८७८ मध्ये अमेरिकेत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले आणि त्याच सुमारास शिकागोच्या चार्ल्स स्क्रिबनरने अशा जोडणीचा खटका बनवला. तो घडीच्या चाकूसारखा, म्हणजे जॅक-नाइफसारखा दिसे, म्हणून नाव पडले 'जॅक'. मुंबईत १८८२ मध्ये एक्स्चेंज आले. पुढे ऑपरेटरने पिन खुपसून माणसे जोडण्याचा जमाना आला. तीच पिन लहान होत ट्रान्झिस्टरमध्ये आली आणि १९७९ च्या वॉकमनने घरोघर पोचवली.

एसी ९७ मध्येही तसेच. आवाज आधी समोरच्या जॅककडे जातो. तिथे हेडफोन नसेल तर पट्टीवरून, परतीच्या वायरीने बोर्डावर येतो आणि मग मागच्या स्पीकरला मिळतो. आमच्याकडे परतीची वाटच तुटली होती. बोर्ड बिचारा निर्दोष होता.

पहाटे दोन्ही वायरी सहाव्या आणि दहाव्या पिनेवर लावल्या. सीडी सुरू केली. जात्याची घरघर आणि मागून आईचा आवाज... ताई चुलीपासून उठून आली. उंबऱ्यातच बसली. चहा उतू गेला, कोणी पाहिले नाही.

२००४ मध्ये आलेल्या एचडी ऑडिओने ही परतीची वाट मोडीत काढली. आता पिन खुपसल्याची वर्दी चिपला मिळते, आणि मागचा स्पीकर बंद करायचा की नाही ते सॉफ्टवेअर ठरवते. वायरी सुट्या नाहीत, एकच गठ्ठा. नातवाला म्हटले, "एचडी ऑडिओ लिहिलंय ना, तेच लाव. बुजलेलं भोक रिकाम्या पिनेवर आलं पाहिजे." अर्ध्या मिनिटात काम झाले.

मग त्याने विचारले, "आता काय वाजवू?"

ती सीडी मी अजून जपून ठेवली आहे. ताई आता नाही. असो.