कुकडीच्या पट्ट्यात, फेब्रुवारी १९८८

नगरच्या स्थानकावर कल्याणची लाल एसटी लागली आहे. साल १९८८, महिना फेब्रुवारी. खिडकीशी बसा. भाळवणी मागे पडते, टाकळी ढोकेश्वर येतं. दोन्ही अंगांना पारनेरची कोरडवाहू रानं, मालदांडी ज्वारीची कणसं वाळत आलेली. आणे घाट उतरून बेल्हे, मग आळेफाटा. इथे गाडी बदला. नारायणगाव जवळ येईल तसं रान हिरवं होत जातं. कुकडी नदीवरचं येडगावचं धरण इथलंच. त्याचा कालवा उलट पारनेर-श्रीगोंद्याच्या दिशेने, तुम्ही आलात त्याच बाजूला निघतो. पुणे आणि नगर हे जिल्हे अलीकडचे, हा मुलूख मात्र एकच. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती जुन्नरला. नगर शहर त्यानंतर वसलं.

गावाबाहेर टेकडीच्या उतारावर तारांवर चढवलेल्या वेली दिसतात. उंची समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, जमीन मुरमाड, चुनखडीची. ऊन अजून तापलेलं नाही, बायकांची तोडणी चालू आहे. तुम्ही घडाला हात घालताच शेजारची मावशी टोकते, "दादा, देठाला धरा. मणी फुटला की रस पाटीतच आंबतो." एक मणी तोंडात टाका. आंबट लागेल, आणि तसाच हवा. फसफसणाऱ्या वाइनसाठी साखर पुरती भरायच्या आत, आंबटपणा टिकून असतानाच घड उतरवतात. दुपारी पारा तिशी गाठतो, रात्री पुन्हा कडाक्याची थंडी पडते. ती थंडीच हा आंबटपणा राखते.

फ्रान्समध्ये या वेळी वेल निष्पर्ण, झोपलेली असते. तिथली तोडणी साधारण सप्टेंबरात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून माणसाने तिचं वर्ष कात्रीने बांधलं आहे: एप्रिलमध्ये खरड छाटणी, नव्या काड्यांसाठी; ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, फळासाठी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस रेंगाळला की डावणीची बुरशी पडते आणि कोवळे घड हातचे जातात. या पट्ट्याचा सगळा स्वभाव या दोन छाटण्यांत आहे, आणि वेलीचं हे न झोपणं फार जुनं आहे. इथूनच क्षणभर आणखी मागे, चौदाव्या शतकातल्या दौलताबादेत डोकावून या. तिथे आलेल्या प्रवासी इब्न बतूताने नोंदवून ठेवलं आहे की तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात.

परत १९८८ मध्ये, आता वायनरीत. श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे फसफसणारी वाइन बनवायची जिद्द धरली. पायपर-हाइडसिक या फ्रेंच शॅम्पेन घराण्याचं तंत्रसाहाय्य घेतलं, यंत्रं आणवली. तळघरात गारवा आहे. पहिली वाइन तयार झाली की ती यीस्ट आणि थोडी साखर घालून जाड काचेच्या बाटल्यांत बंद करतात; बाटलीतच ती दुसऱ्यांदा आंबते आणि वायू आत कोंडला जातो. मग महिनोन्‌महिने थांबायचं. पुढे लाकडी घोड्यांत तिरक्या रोवलेल्या बाटल्या रोज हाताने थोड्या फिरवायच्या, उभ्या करत न्यायच्या, म्हणजे गाळ बुचापाशी उतरतो. मान गोठवून बूच काढलं की आतल्या दाबाने गाळाचा गोळा बाहेर उडतो. अस्सल शॅम्पेन बनते ती याच रीतीने. 'ओमर खय्याम' असं लेबल लागून ही बाटली इंग्लंडात विकायला जाते. वर, गावात, होळी जवळ आली की तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतील आणि तमाशा कलावंत विठाबाईंच्या नारायणगावात यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पंच येतील. एकाच गावाने या दोन्ही कला पोसल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता वर्तमानाकडे निघू. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, वायनऱ्यांची गर्दी नाशिककडे झाली. चौगुले यांची कंपनी इंडाज भराभर वाढली, परदेशातही गुंतली. २००८च्या मंदीनंतर कर्जाखाली दबली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाली. त्या मंदीत राज्यभर अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून खाण्याची द्राक्षं लावली. जुन्नरची काळी द्राक्षं आज परदेशी जातात.

माती, थंडी आणि छाटणीचे हात यांत तेव्हाही खोट नव्हती, आजही नाही. कुकडीच्या काठी, पारनेरच्या बाजूला असो वा जुन्नरच्या, पुन्हा कुणी वायनरी काढणार असेल तर ती लहानच काढावी, आणि घडाचे पैसे तोडणीच्याच हंगामात चुकते करावेत.