जुन्या चुन्यात काय दडलंय? तापवून वजन सांगणारी चाचणी ‘टीजीए’

विंझरजवळच्या राजगड, तोरण्यासारख्या किल्ल्यांची डागडुजी करायची, तर जुन्या चुन्यात काय मिसळलं होतं हे आधी कळायला हवं. त्यासाठी थर्मोग्रॅव्हिमेट्रिक अ‍ॅनालिसिस, म्हणजेच टीजीए, ही चाचणी उपयोगी पडते.

चुन्याची काही मिलिग्रॅम पूड भट्टीतल्या अतिसंवेदनशील तराजूवर ठेवून ठरावीक वेगाने तापवतात. साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत ओलावा उडतो, २०० ते ६०० अंशांदरम्यान रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघतं आणि त्यापुढे कार्बन डायऑक्साइड. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचं वजन या शेवटच्या टप्प्यात ४४ टक्क्यांनी घटतं. नमुन्यात ही घट २२ टक्के दिसली, तर त्यात निम्मं कार्बोनेट आहे.

हा हिशोब न करता सिमेंट भरलं, तर ओल भिंतीतच अडकते आणि जुनं बांधकाम खिळखिळं होऊ शकतं.